तालमीत नसलेला माणूस

वच्छलाबाईंना वकील व्हायचं होतं. लॉ कॉलेजचं एक वर्ष झालं आणि वडील गेले. पुढच्या शिक्षणाचे पैसे भावांच्या वाट्याला आले आणि बाई तांडापेठेतल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या. लग्न केलं नाही. शिकलेला कायदा मात्र अंगातून जाईना. शेवटी १९५३ साली त्यांनी रविवारी दुपारी शाळेचा एक वर्ग उघडला आणि मोहल्ल्यातल्या कोष्टी बायकांना बोलावलं. पहिल्या रविवारी कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या रविवारी रंभाबाई आली, तीही "घरचे टिनं तापले म्हणून."

बाईंची पद्धत साधी होती. इंग्रजी पुस्तकातलं कलम वाचायचं, त्यातलं जडजंबाल फेकून द्यायचं आणि उरलेलं फळ्यावर दोन ओळींत लिहायचं. वाचता येत नसेल तिने पाठ करायचं. वकील परवडत नाही ना, मग स्वतः बोला. मॅजिस्ट्रेट काही खात नाही. बाईंना वाटे, बाईमाणसाला कायदा कळला की झालं.

देवकी आली ती उमरेडहून भावाकडे परतल्यावर. नवऱ्याने, जागेश्वरने, घरात दुसरी बायको आणली होती. भाऊ वाईट नव्हता, पण भावजय ताटात वाढताना हात आखडता घेई. पोटगी मिळाली तर देवकी शेजारी खोली घेऊन, विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरणार होती. नाही मिळाली तर पुन्हा उमरेडचं घर आणि सवतीचा हुकूम.

अर्ज बाईंनी लिहून दिला आणि बजावलं, "तो म्हणेल, मी न्यायला तयार आहे. तसं म्हटलं की पोटगी अडते. पण नवऱ्याने दुसरी केली असेल तर नांदायला जायची सक्ती नाही. हे कागदावर आहे, तरी तिथे तुझ्या तोंडून यायला हवं."

मग तालीम सुरू झाली. रंभाबाई साहेब म्हणून खुर्चीत बसली, हातात फूटपट्टी घेऊन. बाई जागेश्वर झाल्या.

"काय वं, काहून आली?" रंभाबाईने विचारलं.

"साहेब 'वं' म्हणत नसतात, रंभाबाई."

"मी म्हणीन. कोर्ट माहं आहे."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. देवकी पहिल्यांदा अडखळली. पण चार-सहा रविवारांत तिचा आवाज असा सुटला की भिंतीपलीकडच्या मागावरचा माणूस हात थांबवून ऐके. "साहेब, यायनं दुसरी बायको घरात आणली. मी त्या घरी नांदाले जात नाही. मले पोटगी पाहिजे."

"आता कोणी तुले हरवत नाही," रंभाबाई म्हणाली, आणि बाईंनाही तसंच वाटलं.

कोर्टात बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. जागेश्वर ठरल्याप्रमाणेच बोलला. "न्यायले तयार आहे, साहेब. ती दुसरी बाई सुताले खळ लावाले ठेवली आहे." साहेबांनी देवकीकडे पाहिलं.

तेवढ्यात दाराशी नत्थूजी येऊन उभे राहिले. जागेश्वरचे वडील. धुतलेलं धोतर, पांढरा फेटा, जोडे बाहेर काढलेले. ते भांडायला आले नव्हते; दुसरी आणल्यापासून मुलाशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. सून घरी यावी एवढीच त्यांची इच्छा होती.

देवकीने पदर नाकापर्यंत ओढला.

"बाई, काही म्हणायचं आहे?" साहेबांनी विचारलं. पुन्हा विचारलं. वच्छलाबाई ताडकन उठल्या.

"आपण वकील आहात?"

"नाही."

"मग बसा."

बाई बसल्या. "नवरा नेतो म्हणतो. जाशील?" साहेबांनी विचारलं, आणि देवकीची आधीच खाली गेलेली मान आणखी खाली गेली. त्यांनी तो होकार धरला. अर्ज निकाली निघाला.

व्हरांड्यात तिने नत्थूजींच्या पायांना हात लावला. ते म्हणाले, "चाल, माय." बाईंनी तिला बाजूला ओढलं.

"काहून नाही बोललीस?"

"मामाजी होते ना, बाई."

यापेक्षा जास्त काही सांगायला हवं असं तिला वाटलंच नाही. लग्न झाल्यापासून तिने सासऱ्यांसमोर एक शब्द उच्चारला नव्हता. पाण्याचा गडवा ठेवला की तो वाजवायचा, तेवढंच. मोहल्ल्यात हे कोणाला ठाऊक नव्हतं? बाईंना ठाऊक होतं. पण सासरा त्यांना स्वतःला कधी नव्हता आणि कलमातही कुठे नव्हता. सासऱ्यांना बाहेर थांबायला सांगा, एवढी एक ओळ अर्जात घातली असती तर कदाचित साहेबांनी ऐकलं असतं. ती ओळ त्यांना फार उशिरा सुचली, आणि मग रोज सुचत राहिली.

त्यानंतर प्रत्येक तालमीत दाराशी आणखी एक खुर्ची आली. रंभाबाई तिच्यावर पांढरा फेटा ठेवी. माणूस नसायचा, तरी नव्या बाईचं वाक्य तिथेच अडायचं. तो अडसर निघेपर्यंत वच्छलाबाई कोणाला कोर्टाची पायरी चढू देत नसत. पुढे काही बायका जिंकल्या. बाईंना त्या आनंदाचे पेढे गोड लागत नसत.

काही वर्षांनी नत्थूजी गेल्याचं कळलं. बाईंनी उमरेडची मोटर धरली. देवकी ओसरीवर कांड्या भरत होती, मांडीवर सवतीची लहान मुलगी झोपलेली. चहा आला. आत सवत भाकरी थापत होती.

"मले अजून पाठ आहे, बाई," देवकी म्हणाली, आणि सुतावरची नजर न काढता ती तीन वाक्यं तिने न अडखळता म्हटली. आतलं थापणं क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं.

बाई पुढे सरकल्या. "नवा अर्ज करता येतो. आता तर मामाजीही नाहीत."

देवकीने मुलीचं डोकं मांडीवर नीट केलं. "इले जल्मापासून मीच पाहून राहिली. मले सोडून जेवत नाही ते. मी गेली तर इले कुठी ठेवू?"

सासऱ्यासारखीच ही मुलगीही कलमात कुठे नव्हती. शेवटची मोटर निघेपर्यंत बाई तिच्या तोंडावरच्या माशा हाकलत बसल्या.