गुरुवारचं पथ्य

माझ्या धाकट्या भावाला मूल होत नव्हतं. गावाच्या भाषेत, त्याच्या बायकोला होत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि वेल्ह्याकडच्या आमच्या घरात जो तो डॉक्टर झाला होता. चुलतीने पपई बंद केली. मामाने अंगारा आणला. गावातल्या एका निवृत्त कंडक्टरने, ज्याने जन्मभर कुणाला सुट्टे पैसे परत दिले नाहीत, कडू काढा दिला आणि वर पथ्य सांगितलं : गुरुवार कडक पाळायचा, बुधवारी दिवेलागणीपासून नवराबायकोने वेगळं निजायचं.

मी भोरला राहते. घरचं काही अडलं की मला फोन येतो, कारण मी कामांची यादी करते आणि ती संपवते. या कामासाठी मात्र फोन आला तो थेट दिवाळीनंतर : दुसरी मुलगी बघायला चल. पहिलीला माहेरी धाडायचं ठरलं होतं.

मी त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी गेले. भावजय गोठ्यात शेण भरत होती.

"तो घरी येतो कधी?"

"बुधवारी रातच्याला, आक्का. कंपनीला बेस्तरवारी सुट्टी असती ना. संध्याकाळी परत जात्यात."

"आणि ते पथ्य?"

तिने घमेलं खाली ठेवलं. "ते पडवीत झोपत्यात. मी आईंजवळ. दोन वर्सं झाली."

भाऊ आयटीआय झालेला, कापूरहोळच्या पुढे कारखान्यात मशीनवर असतो, तिथेच खोली घेऊन राहतो. मशीनवर केसाएवढा फरक पकडतो म्हणे.

"अरे, तुला कधी काही वाटलं नाही?"

"आई म्हनली, पाळायचं तर पुरतं पाळा."

"मग मूल काय पोस्टाने येणार आहे?"



दोघांना घेऊन मी दुपारी भोरला आले. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "एकत्र राहता का?" चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी समजावलं. बाईचं बीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, तेही साधारण पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी. पुरुषाचं काही दिवस तग धरतं. म्हणून बाईचं बीज बाहेर पडण्याआधीचे दिवस महत्त्वाचे. तारखांचा धसका घेऊ नका, एक दिवसाआड जवळ या म्हणजे झालं. तंबाखू बंद. तपासणी दोघांची. हे ऐकून भाऊ असा आखडला, जणू त्याची जमीन सरकारी मोजणीला निघाली होती. तपासणी झाली. आठवड्यात रिपोर्ट आले, दोघांचेही ठीक.

मी आईला म्हटलं, "हिला त्याच्या खोलीवर पाठव."

"आन् म्हशी कोन बघंल? भात कोन झोडंल?"

म्हणजे कूस वगैरे सगळं नुसतं बोलण्यापुरतं. अडलं होतं ते गोठ्यात.

पुढच्या गुरुवारी आई, भाऊ आणि मी भाटघरजवळ त्या दुसऱ्या मुलीच्या घरी गेलो. मी मुद्दाम गेले. पोहे झाले, पाहुण्यांचं कौतुक झालं. मुलीच्या वडिलांनी एकच विचारलं, "पोरगी ऱ्हाणार कुठं?"

"नवऱ्यापाशी," आई पटकन म्हणाली. "कंपनीजवळ खोली हाय की. शेतात न्हाई घालायचो आमी तिला."

मी बशी खाली ठेवली. "खोली आहे. पण तिच्यात आधी पहिली जाणार आहे. दोघांचे रिपोर्ट चांगले आलेत."

मुलीचे वडील आईकडे वळले. "पहिली हाय अजून? आमाला तर तुमी म्हनला, गेली सोडून!"

"तसं न्हवं, पावनं..."

"मग कसं?"

तेव्हा भाऊ कधी नव्हे तो बोलला, "आक्का म्हनती तसं करू." म्हणजे याही वेळी त्याने दुसऱ्याचंच ऐकलं. पण ऐकलं. मुलीच्या घरचं कुणी आम्हाला दारापर्यंतही सोडायला आलं नाही.

रविवारी मी टेम्पो सांगितला. गॅसची शेगडी, दोन गाद्या, तिची पेटी. कंडक्टरचा काढा मी गोठ्यामागे ओतला. तिथलं गवत वाळलं असेल तर नवल नाही.

याला आता काही महिने झाले. सगळं ठीक असूनही वर्षभर लागू शकतं, तोवर नाहीच झालं तर या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. भावजय एवढं धरून आहे. आईला धीर नाही. ती दर महिन्याला मला फोन करते. "काय हाय का गं?"

मी विचारते, "म्हशी कशा आहेत?"