हळू बोलायला शिकलेले ड्रायव्हरकाका

आमच्या वरच्या मजल्यावर ड्रायव्हरकाका राहतात. एकतीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली. डेपोत त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणायचे आणि ते बसच्या भोंग्यावरून नव्हे, हे त्यांचा आवाज एकदा ऐकला की कळायचं. मी खाली पडदे शिवते. दिवसभर माझं मशीन चालू असतं, तरी काकांचा शब्द न् शब्द छतातून खाली यायचा. चहा गार का, खिडकी उघडी कोणी टाकली, रिमोट जागेवर का नाही.

नोकरीत असताना हा राग रस्त्यावर खर्च व्हायचा. आडवे येणारे स्कूटरवाले होते, सुट्ट्या पैशांवरून भांडणारे प्रवासी होते. निवृत्त झाल्यावर राग तेवढाच राहिला आणि माणूस उरलं एकच, काकू. काकूंना साठीनंतर ऐकू कमी यायला लागलं. लेकीने हट्टाने कानाचं मशीन घेऊन दिलं. शेंगदाण्याएवढं, कानामागे बसणारं. त्यालाही आता सात-आठ वर्षं झाली.

काका एकाहत्तर वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. न्हाणीघरातला नळ गळत होता. प्लंबर दोनदा येतो म्हणून आला नव्हता, तेव्हा काका स्वतःच पाना घेऊन बेसिनखाली शिरले. अर्धा तास त्यांनी नळाला, प्लंबरला आणि नळ बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या. मग तणतणत एकदम उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते दारातच आडवे झाले. मनगट अंगाखाली आलं, पाय दाराच्या फटीत अडकला.

त्यांनी हाक मारली. काकू सहा पावलांवर स्वयंपाकघरात पाठमोऱ्या बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

खरं सांगायचं तर, ती हाक मीही ऐकली. आणि मीही मशीन थांबवलं नाही. काका ओरडतात, त्यात नवीन काय? बरीच मिनिटं ते ओरडत राहिले. मग आवाज हळूहळू लहान झाला. इतका लहान की मला तो ओळखू येईना, आणि तेव्हा मी मशीन थांबवलं. त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असते. मी वर धावले. काका जमिनीवर पडून छताकडे बघत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. स्वयंपाकघरात काकूंचा अर्धा वाडगा मटार सोलून झाला होता.

मनगटाचं हाड मोडलं होतं. रक्तदाब इतका वर गेला होता की डॉक्टरांनी दोन वेळा मोजला. प्लास्टर घालता घालता त्यांनी काकूंना सहज विचारलं, "तुम्ही घरातच होतात ना? ऐकू नाही आलं?"

काकूंनी ओठांवरून प्रश्न ओळखला, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि आतलं मशीन तळहातावर धरून दाखवलं.

"बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "हे सुरू झाले की मी काढून ठेवते. पहिल्या वर्षापासून."

काका काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत नाहीत आणि पुढचे तीन दिवसही नाहीत. आमच्या छताला इतकी शांतता सवयीची नव्हती. चौथ्या दिवशी काकूंनी मशीन कानाच्या दवाखान्यात तपासायला नेलं, तेव्हा काकाही मागोमाग गेले. तिथली मुलगी काकूंना तपासून झाल्यावर काकांकडे वळली. "आजोबा, मोठ्याने बोललात तर या मशीनमधून नुसता गोंगाट जातो. समोर बसा, चेहरा दिसू द्या, आणि हळू बोला. एका वेळी एकच वाक्य."

घरी आल्यावर काका खुर्ची ओढून काकूंसमोर बसले. हे सगळं काकूंनी मला नंतर सांगितलं.

"मी इतका ओरडतो?" त्यांनी हळू विचारलं.

"ओरडण्याचं एवढं काही नाही हो," काकू म्हणाल्या. "त्याची सवय झाली. पण सकाळी उठल्या उठल्या पेपरातल्या गेलेल्या माणसांची यादी वाचून दाखवता ना, ते नाही सोसत. हा गेला, आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तो गेला, आपल्याच वयाचा. आता आपलं काय राहिलंय. रोज चहाबरोबर तेच. मला अजून जगायचंय. म्हणून बंद करते."

काकांना हे लागलं. त्यांच्या मते ते पेपर वाचून बायकोची करमणूक करत होते.

त्यानंतर काका काही साधुसंत झाले नाहीत. पण समोर बसून बोलायचं, हे त्यांनी मनावर घेतलं. एकदा जिन्यात भेटले तेव्हा प्लास्टरचा हात सांभाळत म्हणाले, "हळू बोललं ना, की राग टिकतच नाही बघा. तिसऱ्या शब्दाला माझं मलाच कळतं, की विषय नळाच्या वॉशरचा आहे."

पेपरचं जास्त अवघड गेलं. ते पान सोडून दुसरं काय वाचायचं, हेच त्यांना सुचेना. पहिले काही दिवस त्यांनी छोट्या जाहिराती वाचल्या. जुनं कपाट विकणे आहे, आरसा फुटलेला. त्यावर दोघं बराच वेळ हसले, फुटक्या आरशाचं कपाट कोण घेणार म्हणून. मग काकूंनी एक नियम काढला. संध्याकाळी दोघांनी एकमेकांना आज काय बरं झालं ते सांगायचं.

पहिल्या संध्याकाळी काका म्हणाले, "आज पडलो नाही."

"चालेल," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी ते बाद केलं. मग काका दिवसभर शोधात राहायला लागले. संध्याकाळी सांगायला काही हवं ना. डाव्या हाताने शर्टाचं बटण लागलं. जुना कंडक्टर रस्त्यात भेटला आणि ओळखून थांबला. हा माणूस कधी काळी फक्त काय बिघडलंय तेवढंच बघायचा, हे मी शपथेवर सांगू शकते.

दोन महिन्यांनी तो प्लंबर एकदाचा उगवला, तेव्हा मात्र काकांचा जुना भोंगा वाजलाच. मी मशीन थांबवून कान दिला. वाक्य अर्ध्यावर तुटलं. काकूंचा हात कानाकडे गेलेला त्यांनी पाहिला होता, हे मला नंतर कळलं. ते गॅलरीत गेले, कठड्याला धरून उभे राहिले. चार-पाच मिनिटांनी आत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उशीर झाला म्हणून चिडलो. चूक तुमची होती, पण इतकं बोलायला नको होतं. चहा घेणार?" प्लंबर मला जिन्यात विचारत होता, काकांची तब्येत बरी आहे ना.

पुढच्या वर्षी एका दुपारी काका माझ्या दारात आले. काकूंची थोरली बहीण गेल्याचा फोन होता. काकूंना आई आठवत नव्हती. त्यांना वाढवलं होतं ते ह्या ताईने.

"कसं सांगू?" ते म्हणाले. "इतकी वर्षं परक्यांची मरणं खड्या आवाजात वाचली. आता एक सांगायचं, तर तोंड उघडत नाही."

"मी येऊ का बरोबर?"

"या. पण सांगतो मीच."

काकू पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांनी खुर्ची समोर ओढली. त्यांचा चेहरा बघून काकूंनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"ताई गेली," काका म्हणाले. "सकाळी. झोपेतच."

काकू रडल्या. खूप रडल्या. त्यांचा हात कानाकडे गेला नाही. मला वाटलं, काका आता म्हणतील, वय झालं होतं, सुटली बिचारी, रडून काय होणार. सगळे म्हणतात तसं. त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. गुडघ्याला गुडघा लावून बसून राहिले. मी चहा ठेवायला आत गेले.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "आज काय बरं झालं, ते विचारू नका."

"नाही विचारत."

आठ-दहा दिवस तो नियम बंदच होता. मग एकदा काकू आपणहून ताईबद्दल बोलायला लागल्या. ताई वेणी किती घट्ट घालायची, शाळेत सोडायला येताना रस्ताभर पाढे कसे म्हणून घ्यायची. काका ऐकत होते. ह्यातल्या अर्ध्या गोष्टी त्यांना पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माहीतच नव्हत्या. का माहीत नव्हत्या, हे त्यांनी मला विचारलं. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं.

काका आता पंचाहत्तरीचे आहेत. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मनगट गारठ्यात दुखतं, आणि महिन्यातून एकदा तरी आवाज चढतोच. रोज पाच वाजता दोघं फिरायला निघतात. काकूंना बागेकडून जायचं असतं आणि काकांना डेपोवरून, नव्या बसगाड्या बघायला. खालच्या फाटकाशी उभं राहून, एकमेकांकडे तोंड करून, त्यावर त्यांची बराच वेळ बोलाचाली चालते. काल डेपोवरून गेले.