निफाडचा इन्व्हर्टर आणि तीन घमेली

इन्व्हर्टरला कानटोपी घातली होती. तिच्याखाली मफलर गुंडाळलेला, आणि बाजूच्या पंख्याच्या जाळीत एका जुन्या स्वेटरची बाही कोंबलेली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"थंडी बाधली त्याला," बाळासाहेब म्हणाले. "रोज सकाळी आठच्या सुमाराला बंद पडतो. दहाला ऊन तापलं की आपोआप चालू. पार माणसागत हाय, मॅडम."

ईरा, नील, आजी रिटायर झाल्यावर नक्की काय करते, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. हे करते. नाशिकला अंबडच्या कारखान्यात मी टेस्टिंगमध्ये होते तेव्हा संजय नावाचा एक ट्रेनी माझ्या हाताखाली होता. आता त्याचा सातपूरला सोलरचा छोटा धंदा आहे आणि मी त्याच्या हाताखाली आहे. घरावर पॅनल बसवण्याआधी त्याचं गणित मी तपासते आणि खाली सही करते. माझ्या सहीशिवाय पॅनल जिना चढत नाही.

बाळासाहेब निफाडचे द्राक्षबागायतदार. त्यांच्याकडे एप्रिलमध्ये तीन पॅनल बसवली. आठ महिने काही तक्रार नव्हती. डिसेंबर आला आणि हे सुरू झालं. वस्तीवरची आणखी अकरा घरं सोलर घेणार होती, पण आधी बाळासाहेबांचं कसं चालतंय ते बघून. म्हणून संजयने मला भल्या सकाळी पिटाळलं होतं.

मी आधी टोपी, मफलर, बाही काढली. इन्व्हर्टरला गुदमरवलं तर तो तापून मरतो. स्क्रीनवर लाल अक्षरांत फॉल्ट होता: पॅनलकडून येणारं व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त. असा फॉल्ट आला की हे मॉडेल घरातलं सगळंच बंद करतं. मी संजयला फोन लावला.

"मॅडम, सोपं आहे," तो म्हणाला. "फॉर्मवर लिहा, इन्व्हर्टर डिफेक्टिव्ह. सही करा. वॉरंटीत बदलून घेऊ."

"अजून मी मीटरसुद्धा लावलेला नाही."

"तुम्ही सही करा हो. बाहेर अकरा घरं उभी आहेत."

खरंच उभी होती. अंगणात सात-आठ माणसं मफलर बांधून माझ्याकडे बघत होती. मी पेन काढलं. तेवढ्यात इन्व्हर्टर पीप करून चालू झाला. घड्याळात आठ वीस. त्याच्या नेहमीच्या वेळेच्या खूप आधी.

"मंदानं पेटवलं वाटतं," बाळासाहेब खुशीत म्हणाले.

"काय पेटवलं?"

मी जिना चढून गच्चीवर गेले. तिन्ही पॅनलखाली निखाऱ्यांचं एकेक घमेलं होतं. बाळासाहेबांच्या पत्नी मंदाताई पुठ्ठ्याने वारा घालत होत्या.

"या मॅडम, शेका हात," त्या म्हणाल्या. "बागेत करतो तसंच. थंडी लय पडली की वेलींना शेकोटी करतो ना आम्ही. म्हटलं, हे पण बाहेरच उभं असतं बिचारं."

पॅनलच्या तारा निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर लोंबत होत्या. मी घमेली हलवायला सांगणार होते. पण आधी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची लाइन तोडण्याचा खटका, बंद केला आणि मीटर लावला. एकशे एक्केचाळीस व्होल्ट. मग घमेली बाजूला घेतली. वारं झोंबरं होतं. पाच मिनिटांत एकशे सेहेचाळीस.

आता इथे थोडं समजून घ्या. व्होल्टेज म्हणजे दाब. पाण्याच्या टाक्या एकावर एक ठेवल्या की खालच्या नळाला दाब वाढतो, तशी पॅनल एकापुढे एक जोडली की व्होल्टेजची बेरीज होते. आमचं एक पॅनल शेहेचाळीस व्होल्टचं, तीन मिळून एकशे अडतीस. इन्व्हर्टर सोसतो एकशे पंचेचाळीस. पण पॅनल गार पडलं की त्याचं व्होल्टेज वाढतं. हो, वाढतं. त्यामुळे गणित वर्षातल्या सगळ्यात थंड सकाळचं करायचं असतं. मी ते केलं होतं. दहा अंश धरून उत्तर आलं होतं एकशे चव्वेचाळीस. एका व्होल्टने पास.

"बाळासाहेब, आज पहाटे किती होतं?"

"साडेतीन. काल तीन. बागेत थर्मामीटर हाय, रोज वहीत लिहितो."

मी फॉर्मच्या मागे पुन्हा गणित केलं. तीन अंशांना एकशे सत्तेचाळीस. इन्व्हर्टर बिचारा बरोबर होता. मंदाताईसुद्धा बरोबर होत्या. चुकीची फक्त माझी सही होती.

मी संजयला पुन्हा फोन केला.

"डिफेक्टिव्ह लिहिलं ना?" तो म्हणाला.

"नाही. इन्व्हर्टर ठीक आहे. चूक माझी आहे."

"मॅडम, तसं वस्तीसमोर बोलू नका! अकराच्या अकरा जातील."

"मग माझ्या सहीवर त्या अकरा घरांत काय बसवणार आहेस? घमेली?"

एव्हाना अंगणातली माणसं गच्चीवर येऊन बाजूला ठेवलेल्या निखाऱ्यांभोवती बसली होती. मी उभी राहून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी तुमच्याकडची थंडी दहा अंश धरली."

पलीकडच्या घरातले तात्या एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"दहा? अहो, दहाला आम्ही स्वेटर काढून ठेवतो!"

"कुठनं आणला हो दहा?" मंदाताईंनी विचारलं.

"नाशिकला माझ्या गॅलरीत तेवढीच थंडी असते," मी म्हणाले.

त्या दिवशी एक पॅनल काढून ठेवलं आणि घमेली खाली नेली. आठवड्याने आमच्या खर्चाने चौथं पॅनल आणून दोन-दोनच्या वेगळ्या जोड्या केल्या, म्हणजे व्होल्टेजची बेरीज दोन पॅनलचीच होते. आता कडाक्याच्या थंडीतसुद्धा शंभर व्होल्टच्या आत असतं.

अकराही घरांनी ऑर्डर दिली. तात्यांनी मात्र अट घातली: गणित मॅडमनी करायचं, थंडीचा आकडा बाळासाहेब देणार. संजयने ती मुकाट्याने मान्य केली. आता आमच्या प्रत्येक फॉर्मवर माझ्या सहीच्या वर एक ओळ छापलेली असते, "थंडी किती, आणि कोणी सांगितली". पहाटे उठून बागेत जाणाऱ्याचं नाव तिथे नसेल, तर मी सही करत नाही.