चतुराचा फोटो

नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं मी वसमतजवळच्या आमच्या हळदीच्या शेतात चतुरांचे फोटो काढायचो. पण इतक्या जवळून काढताना पान जरा हललं तरी फोटो धूसर यायचा. गारठलेला चतुर हलत नाही असं ऐकून मी एक पकडला, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला आणि विसरलो.

संध्याकाळी आईनं डबी उघडली. "काहून हलंना हे?"

तो मेला होता. तरी मी त्याला पानावर बसवून फोटो काढला. डोळ्यातला कण न् कण स्पष्ट आला.

पुढे गावातल्या प्रदर्शनात एकानं विचारलं, "इतका स्थिर कसा काय बसला?"

"दोन तास वाट पाहिली," मी म्हणालो.

शेजारी उभ्या असलेल्या आईनं मान खाली घातली. खोटं मी बोललो होतो आणि लाज तिला वाटत होती.