हक्कसोडीची साडी

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला वाटायला नको की बाई फार सोशिक होती. नवरा म्हणायचा, "तुया नाकावर राग नाई, रागावर नाक हाय." तो स्वतः थंड डोक्याचा. बडनेऱ्याला रेल्वेत होता. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत तो गेला. मी चौतीस वर्षांची होते. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

तेव्हा सासूबाई अकोल्याजवळच्या आमच्या गावाहून आल्या त्या वर्षभर माझ्याजवळच राहिल्या. लेक त्यांचा गेला होता, पण जेवत नव्हते मी. त्या ताट घेऊन समोर बसत आणि म्हणत, "तू नाई खाल्लं त मीबी नाई खात, मंग दोघी संगच जाऊ." असं म्हटल्यावर काय करता? खायचे मी. दुपारी आम्ही दोघी एका पंख्याखाली आडव्या होऊन त्याच्या खोड्या आठवत असू. त्यानं लहानपणी शेजाऱ्याचा रेडा तलावात कसा नेला, पहिल्या पगाराचे पेढे गाडीतच कसे खाऊन टाकले. त्याच्याबद्दल हसून बोलणारं माणूस जगात मला ते एकच उरलं होतं. बाकी सगळे त्याचं नाव काढलं की आवाज बारीक करत, आणि मला ते सहन व्हायचं नाही.

पुढं त्याच्या जागेवर मला नोकरी लागली. सासूबाई गावी परतल्या, धाकट्या दिराकडं. मी महिन्यातून एकदा जायचे.

गावी वावर होतं, सासऱ्यांच्या वेळचं. चांगली काळी जमीन, कापूस आणि तूर. ते कसायचा दीर. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं चढली: दिराचं, सासूबाईंचं आणि माझं. त्यामुळं ड्रिपचा फॉर्म असो की विजेच्या जोडणीचा अर्ज, दर वेळी तीन सह्या लागत. दीर फटफटीवर बडनेऱ्याला यायचा, ड्यूटी संपेपर्यंत बाहेर बाकावर बसायचा, सही घेऊन परत जायचा. कधी कुरकुरला नाही. पण गावातले लोक त्याला म्हणत, "वयनीले नोकरी भेटली, आता वावर तुयाच नावानं करून घे. उद्या तिनं दुसरं लगन केलं त?"

हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी भयंकर चिडले. चिडले, कारण ते खरं होतं.

अमरावतीला राजापेठेत ट्यूशन क्लास चालवणारे एक गृहस्थ होते. विज्ञान शिवायचे (असं मी त्यांना चिडवायचे, कारण बोलताना ते हातानं सतत काहीतरी टाके घातल्यासारखं करायचे). त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. वर्षभर नुसती ओळख होती, मग ते विचारते झाले, आणि मी मनातून हो म्हटलेलं होतं. फक्त गावी कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

मी एका वकिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तुम्ही पुन्हा लग्न केलं तरी हा हिस्सा तुमचाच. कायद्यानं कोणी काढून घेऊ शकत नाही." कायद्याला लाज नसते, मला होती. दुसऱ्याच्या घरी नांदायचं आणि पहिल्याच्या वावरात नाव ठेवायचं, हे मला जमेना. म्हणून दिरानं एक दिवस मान खाली घालून विषय काढला, तेव्हा मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "कागद तयार कर. मी हक्क सोडते," म्हटलं.

वावराचं मला दुःख नव्हतं, खरंच सांगते. मला भीती वेगळीच होती. नवरा गेला, मूल नाही, आता सातबाऱ्यावरचं नावही जाणार. मग त्या घराशी माझं नातं काय उरणार? सही झाली की सासूबाई माझ्या कोण? दारात उभी राहिले तर मला "ये" कोणी कशापायी म्हणावं? ही एकच गोष्ट छातीवर बसली होती, आणि ती कोणाजवळ बोलताही येत नव्हती.

कागद अकोल्याला व्हायचा होता, रजिस्ट्रीच्या ऑफिसात. सासूबाईही त्याच दिवशी स्वतःचा हिस्सा दिराच्या नावानं सोडणार होत्या, म्हणजे एकदाची कटकट मिटली. मी बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं गेले. आवारात लिंबाच्या झाडाखाली अर्जनवीस टेबल मांडून बसला होता. दीर, सासूबाई आणि गावचे दोन साक्षीदार आधीच आले होते. अर्जनविसानं कागद वाचून दाखवला. "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" हे शब्द आले तेव्हा सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी झाडाकडं बघत होते.

आमच्याकडं रीत आहे. बहीण बापाच्या इस्टेटीतला हिस्सा सोडते, तेव्हा भाऊ तिला साडीचोळी करतो. दहा वर्षांपूर्वी माझ्या नणंदेनं सही केली तेव्हा मी स्वतः तिच्या ओटीत तांदूळ घातले होते. पण विधवा वहिनी हक्क सोडते तेव्हा काय करायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. तरी माझ्या जाऊबाईंनी आठवणीनं साड्या पाठवल्या होत्या. दिरानं पिशवी पुढं केली.

"पाहू दे काय आनलं," म्हणून सासूबाईंनी पिशवी उघडली.

दोन साड्या निघाल्या. दोन्ही राखाडी. एकाच ताग्यातल्या, एकाच बारीक किनारीच्या. एक बहात्तर वर्षांच्या बाईला आणि एक मला. जाऊबाईंचं काही वाईट मनात नव्हतं. दोघी विधवा, दोघींना सारखी, असाच साधा हिशेब केला असणार त्यांनी. पण माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. तोंड उघडणार होते. तेवढ्यात सासूबाईंनी दोन्ही साड्या घडी करून पिशवीत टाकल्या आणि पिशवी दिराच्या हातात दिली.

"मी सई नाई देत," त्या म्हणाल्या.

दीर बघतच राहिला. "काहून वं आई? काय झालं?"

"हे मले चालते. ते तिले नाई चालत. पयले साडी बदलून आन."

"कोनती आनू?"

"हिरवी. काठाची."

"हिरवी?" दिरानं साक्षीदारांकडं पाहिलं. साक्षीदारांनी जमिनीकडं पाहिलं.

"तुया बयनीनं सई केली होती, तवा तिले कोनती आनली होती?"

"हिरवी."

"त मंग. आन एक नारळ आन, खन आन, पावभर तांदूळ आन. जाय."

अर्जनवीस घायकुतीला आला. टोकनचा नंबर जवळ आला होता, साहेब जेवायला उठले तर दुपार जाणार. "आजी, साडी मागून बदला ना," तो म्हणाला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तुमी तुमचं लेहा." दीर फटफटीला किक मारून कापड बाजाराकडं गेला. आणि दैव बघा, तो गेला आणि ऑफिसातला सर्व्हर बंद पडला. सगळं आवारच बसून राहिलं.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मी म्हटलं, "आई, कायले तमाशा केला? राखाडी त राखाडी."

"तुले हिरवी लागन आता," त्या म्हणाल्या.

मला समजलं नाही. म्हणजे समजलं, पण विश्वास बसेना.

"मांगच्या वक्ती माया मोतीबिंदूचं आपरेशन झालं अमरावतीले," त्या सांगू लागल्या, "तवा तो मास्तर आपल्याले गाडीनं सोडाले आला होता ना. वाटंनं तीनदा इचारलं त्यानं मले, मावशी, धक्का त नाई लागत. आन तुयासंग कसा बोलत होता ते बी आयकलं म्या. माया डोया बांधला होता, पोरी, कान नोहते बांधले."

मी तोंडाला पदर लावून रडायला लागले. लाज, सुटका, त्यांच्यावरची माया, सगळं एकदमच आलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "वावर दे त्याले. तो राबते, त्याचं हाय. पन येनं-जानं बंद केलं त तंगडं मोडीन."

"कोन म्हनून येऊ?" मी विचारलं. छातीवरची ती गोष्ट शेवटी अशी बाहेर पडली.

त्या रस्त्याकडं बघत बसल्या.

तासाभरानं दीर आला. साडी खरंच सुंदर होती, पोपटी नाही की काळपट नाही, तुरीच्या ओल्या शेंगेसारखी हिरवी, पिवळ्या काठाची. नंतर कळलं, त्यानं दुकानदाराला चार वेळा ढीग काढायला लावला होता. सासूबाईंनी मला झाडाच्या पलीकडच्या बाजूला उभं केलं. साडी माझ्या खांद्यावर घातली, पदर पसरायला लावला आणि त्यात नारळ, तांदूळ, खण ठेवला. ओटी भरणारीही विधवा आणि भरून घेणारीही. आमच्या गावात कोणी पाहिलं असतं तर महिनाभर पुरलं असतं. "आता तू लेक," त्या म्हणाल्या, "लेकीसारखं राहाचं." आणि डोळे पुसत अर्जनविसावर खेकसल्या, "झाला का तुमचा सर्वर?"

साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं सोडून राहिल्या का?" सासूबाईंनी मागून कोपर मारलं तेव्हा हो म्हटलं. त्या कागदावर संगणकानं काढलेला माझा फोटो आहे. डोळे सुजलेले आणि खांद्यावर हिरवी साडी शालीसारखी घेतलेली.

उन्हाळ्यात अमरावतीला आम्ही कोर्टात लग्न केलं. आधी मी गावी फोन केला. दिरानं उचलला, आईंना दिला. त्या म्हणाल्या, "बरं. सुखानं राहा." मागं दीर काहीतरी बोलला आणि फोन बंद झाला.

लग्नाला तिकडून कोणी आलं नाही. ते ठीक आहे, मला अपेक्षाही नव्हती. पण त्यानंतर फोनही नाही. एक महिना, दोन महिने, पोळा गेला, दसरा गेला. मीही केला नाही. अभिमान म्हणा की धास्ती म्हणा. मनात एकच घोळायचं: ओटी भरतात ती पाठवणी करताना. मला त्या दिवशी पाठवूनच दिलं होतं, आणि मीच वेडी, बोलावलं असं समजून बसले. सासूबाई बोलायला गोड बोलल्या, पण गावापुढं त्यांचं काय चालणार? असा स्वतःशी न्यायनिवाडा करून मी त्यांच्यावर रागावून घेतलं. साडी कपाटात तशीच घडीची होती.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी मी राजापेठेतल्या घरी करंज्यांचे डबे लावत होते. बाहेरून आवाज आला, "घरी हाय का कोनी?" माझ्या हातातलं झाकण पडलं. दिराचा आवाज अगदी त्याच्या भावासारखा आहे, हे मी इतक्या महिन्यांत विसरले होते.

तो फाटकात उभा होता. फटफटी तापलेली, अंगावर नवा शर्ट, चेहरा मार खाऊन आल्यासारखा. मी पाणी दिलं. माझे यजमान बाहेर आले, त्यांनी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"आईले फोन लावता येत नाई," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मलाच लावून द्या लागते. ते रोज म्हने, लाव. म्या नाई लावला. लोक बोलून राहिले होते, माया डोक्यात बसलं होतं ते." मग म्हणाला, "काल ते जेवलीच नाई. म्हने, तू लेकीले आनाले नाई गेला त मी बी नाई खात."

ताट घेऊन समोर बसलेल्या सासूबाई मला दिसत होत्या.

"चाला," तो म्हणाला. आणि माझ्या यजमानांकडं वळून, शब्द जड जात असल्यासारखा, पण पुरता बोलला: "आईनं सांगतलं, जवायाले बी घेऊन ये."

मी आत गेले आणि पोटभर रडले. तोंड धुऊन बाहेर आले तेव्हा दीर खुर्चीत बसून करंजी खात होता आणि यजमान त्याला हातानं टाके घालत ड्रिपबद्दल काहीतरी विचारत होते.

"आधी फोन लावून दे," मी त्याला म्हटलं.

त्यानं लावला आणि माझ्या हातात दिला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून आवाज आला, "निंघाली का वं?"

"निंघाली, आई," मी म्हटलं. हिरवी साडी अजून कपाटातून काढायची होती.