मृणालीची गाळण

चाळीसगावची मृणाली जळगावात केळीच्या कंपनीत नोकरीला लागली, पण केळीला तिचा हात कधी लागला नाही. चोपड्याकडून हिरवे घड येत, थंड चेंबरमध्ये कोंडले जात आणि पिवळे होऊन बाहेर पडत. प्रत्येक चेंबरचं यंत्र आपली हकीकत लिहून पाठवी: आत किती तापलं, दार कधी उघडलं, पंखा कधी थांबला. त्या नोंदींचा ढीग उपसून हवं ते शोधणं हे तिचं काम. त्यासाठी वेगळी भाषा होती. एक आज्ञा, मग उभी रेघ, मग पुढची आज्ञा. जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास धरून ती भाषा ती आपली आपण शिकली होती.

मागच्या मे महिन्यात जळगाव असं तापलं, की बाहेरच्या भिंतींवरचे तापमापक दुपारभर एकच इशारा देत राहिले: उष्णता वाढली. संगणकाचा पडदा त्यानंच भरून जाई. तेव्हा मृणालीनं एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून नाव दिलेली आज्ञा; पुढे शोधात नुसतं नाव घातलं, की आख्खी आज्ञा तिथे येऊन बसते. दुपारचे उष्णतेचे इशारे वगळायचे, एवढंच त्या मॅक्रोचं काम. नाव ठेवलं 'गाळण'. धुळ्याच्या शाखेतले लोकही ती वापरू लागले. "ताई, तुमच्या गाळणीबिगर आमचा चहासुद्धा होत नाही," असं तिकडचा सुयश फोनवर म्हणाला, तेव्हा ती दिवसभर मनातल्या मनात फुलून होती.

थंडीत एके दुपारी तिसऱ्या चेंबरमधली केळी मऊ पडून काळी झाली. चेंबर सांभाळणारा नवल ड्यूटीवर एकटाच होता. व्यवस्थापक प्रेमराजभाऊंनी मृणालीला शोध घ्यायला सांगितलं. तिनं घेतला. दुपारी दार उघडल्याची नोंद होती. त्याआधी काही नव्हतं.

"बघ," प्रेमराजभाऊ नवलला म्हणाले, "दार उघडं टाकून बसलास, म्हणून तापलं. उद्यापासून येऊ नको."

"मशीन आधी बोंबलनं, भाऊ. मंग मी दार उघाडं," नवल म्हणाला. "मी मना कानघाई ऐकं."

"कानांचं काय घेऊन बसलास? मशीन सगळं लिहून ठेवतं."

नवल पिशवी आणायला गेला.

मृणाली जागेवर येऊन बसली. पंखा जरा थांबला तरी कुरकुर करणारं ते यंत्र भर दुपारी इतकं गप्प कसं राहिलं, हे तिच्या मनाला पटेना. तिनं शोधातली नेहमीची गाळण काढून टाकली आणि लांबलचक आज्ञा हातानं लिहिली. पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. सगळे तिसऱ्या चेंबरच्या आतले, सगळे दार उघडण्याआधीचे. गार करणारं यंत्रच बंद पडलं होतं.

'बाहेरच्या भिंतीवरचे' हे शब्द तिनं गाळणीत घातलेच नव्हते. मे महिन्यात जळगावात ऊन म्हटलं की बाहेरचंच. आतलंही कधी तापेल, हे सुचणार कुणाला?

आता नुसतं 'पुन्हा शोधलं, सापडलं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिनं प्रेमराजभाऊंना बोलावून पडदा त्यांच्याकडे वळवला.

"नवलभाऊंची चूक नाही. माझ्या गाळणीनं इशारे गिळले."

"गावभर कौतुक होतं त्या गाळणीचं," भाऊ म्हणाले.

"हो. आता चूकही गावभर सांगावी लागेल."

तिनं गाळण एका जागी सुधारली. ती जिथे जिथे वापरली होती तिथे ती आपोआप सुधारली. पण तिच्या भरवशावर आजवर काढलेले निष्कर्ष काही आपोआप बदलणार नव्हते. तिनं धुळ्याला फोन लावून चूक सांगितली. सुयश म्हणाला, "म्हणजे जुनं बठ्ठं परत तपासायचं?"

"बठ्ठं. पहिल्यापासून सगळं."

नवल फाटकापर्यंत पोचला होता. ती मागून धावत गेली आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"मंग मी जाऊ का ऱ्हाऊ, ताई?"

"राहा. प्रेमराजभाऊंनी मेकॅनिकला बोलावलंय. आधी काय वाजलं, ते त्याला तुम्हीच सांगा."