काचेतलं पाणी

उद्या सकाळी मी ऑफिसला निघाल्यापासून माझा नवरा कौशिक घरी येईपर्यंत बाबा काय करतील, हा प्रश्न दुपारपासून डोक्यातून जात नाही. तेवढा वेळ आमची दोन महिन्यांची ईशा त्यांच्या एकट्याच्या ताब्यात असणार. माझी बाळंतपणाची रजा संपली. उद्या रविवार, इथे आखातात आठवड्याचा पहिला दिवस, आणि कौशिकची नाइट शिफ्ट माझ्या निघण्याच्या वेळेनंतर संपते. आता दोघं झोपलेत, ईशा माझ्याजवळ आणि बाबा त्यांच्या खोलीत. हीटर मी खालच्या मजल्यावरच्या डॉलीकडे ठेवून आलेय.

बाबा म्हणजे माझे सासरे दत्तोपंत. नगरकडच्या एका साखर कारखान्यात आयुष्यभर बॉयलर अटेंडंट होते. लग्न झाल्यावर नव्या सुनेला देवदर्शनाला नेतात, बाबांनी मला बॉयलर दाखवायला नेलं. नवी साडी, हातात हिरवा चुडा, आणि चारी बाजूंनी उसाच्या भुशाचा धूर. सासूबाई घरी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. बाबांनी मला एका उभ्या काचेच्या नळीसमोर उभं केलं. आत अर्ध्यापर्यंत पाणी हलत होतं.

"सूनबाई, हितं लय घड्याळं हायेत. पण नजर या काचेवर पाहिजे. पाणी दिसतंय तोवर समदं ठीक."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर पाणी सोडायचं नाय," ते म्हणाले आणि माझा गोंधळलेला चेहरा बघून खूश झाले. "समद्यांना वाटतं पाणी कमी झालं तर पाणी सोडावं. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो. आधी आग बंद."

हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. ऐन हंगामात एकदा काच रिकामी दिसली आणि त्यांच्या हाताखालचा श्रीपती घाबरून पंपाकडे धावला. बाबांनी त्याचा हात धरून ठेवला, आधी आग काढायला लावली, आणि धूर विरायच्या आत चीफ इंजिनियरांना उठवायला माणूस पाठवला. श्रीपती पाया पडत होता, "दत्तूदादा, साहेबांना नका सांगू, नोकरी जाईल." बाबांनी सांगितलंच. श्रीपतीला महिनाभर घरी बसावं लागलं, पण कारखाना वाचला. हा किस्सा आमच्या घरी प्रत्येक पाहुण्याने ऐकलेला आहे. कौशिक तर म्हणतो की तो गॅस प्लँटमध्ये लागला तो याच एका गोष्टीमुळे. लहानपणी तो बापाचा डबा घेऊन बॉयलरवर जायचा आणि झडपेच्या भोकातून आत जळणारी आग बघायचा.

सासूबाई गेल्या पावसाळ्यात गेल्या. ईशा होणार म्हणून नोव्हेंबरात आम्ही बाबांना इकडे आणलं. अल गराफामधल्या एका व्हिलाचा वरचा मजला आमचा. इथली घरं उन्हाळ्याशी भांडायला बांधलेली. जानेवारीत वारा सुटला की संगमरवरी फरशी पायाला चावते आणि भिंती दिवसभर गारच राहतात. ईशा वेळेआधी झालेली, वजन कमी. खोली सारखी ऊबदार ठेवा, फार तापवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

मग काय, बाबांचा हंगाम सुरू झाला. हॉलच्या एसीतून गरम हवा येते. त्याच्या जाळ्या ते दर आठवड्याला गच्चीवर नेऊन जुन्या टूथब्रशने घासायचे, बाहेरच्या युनिटवरची वाळू झाडायचे. आमच्या खोलीतला एसी नुसता गार करणारा, म्हणून तिथे तेलाचा हीटर. तो पाळण्यापासून लांब. वायर थेट भिंतीत, एक्स्टेन्शनवर नाही. त्यावर दुपटं वाळत टाकायचं नाही. दाराखालच्या फटीत गुंडाळलेली चादर, पण खिडकी बोटभर उघडी. "कोंडून ऊब धरायची नसती," ते म्हणायचे. पाळण्याच्या दांडीला त्यांनी तापमान दाखवणारं छोटं यंत्र बांधलं होतं आणि ते त्याला काच म्हणत.

सकाळी कौशिक दारातूनच ओरडायचा, "काय इन्चार्जसाहेब, प्रेशर किती?"

"बावीस. तुझ्यापेक्षा माझा प्लँट बरा चालतो. काल तुमचा पंप बंद पडला का रं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पडलेल्या तोंडानं."

दोघं हसायचे, चहा घ्यायचे, आणि मला वाटायचं, सगळं छान चाललंय.

पहिली शंका डॉलीला आली. ती वसईची, इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. ईशाचं वजन करायला वर येते. एकदा जिन्यात थांबून हळूच म्हणाली, "रुचा, काकांनी मला आज दोनदा विचारलं, हंगाम कधी संपणार म्हणून."

"थट्टा करतात गं."

"थट्टा करणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही."

मी विषय बदलला. त्यानंतर मात्र माझं लक्ष जायला लागलं. कौशिकला ते एकदा श्रीपती म्हणाले. हॉलच्या एसीच्या जाळ्या सकाळी धुतल्या आणि दुपारी पुन्हा काढल्या. हीटरच्या पट्ट्या गरम होताना टकटक वाजतात. त्या आवाजाला ते कान देऊन बसायचे आणि कुणाशी तरी बोलल्यासारखे ओठ हलवायचे. कौशिकला मी सांगितलं तर म्हणाला, "आई गेल्यापासून एकटे पडलेत गं. कामात आहेत तेच बरं."

आज दुपारी कौशिक बाबांच्या खोलीत दार लावून, कानात बोळे घालून झोपला होता आणि मी गच्चीवर कपडे काढायला गेले. ईशा झोपली होती, बाबा पाळण्याजवळ बसले होते. परत आले तर जिन्यातच जळकट तेलाचा वास आला.

हीटर फरशीवर आडवा पडला होता. लाल दिवा लागलेला, वायर भिंतीतच. बाबांनी पक्कडीने त्याच्या बाजूचं झाकण काढलं होतं, तेल ओघळून पाळण्याखाली गेलं होतं. त्यांच्या हातात पाण्याने भरलेला जग होता. ईशा जागी होऊन हात हलवत होती.

"बाबा!"

"बाजूला हो!" आवाज इतका खणखणीत की मी खरंच थांबले. "पाणी खाली गेलंय. काचेत दिसत नाय. श्रीपती, फीडचा पंप चालू कर!"

त्यांनी जग तिरका केला. मी तेलावरून घसरत भिंतीपर्यंत गेले आणि प्लग खेचला. पाणी हीटरवर पडलं, चर्र आवाज झाला, वाफ उठली. मी ईशाला उचलून हॉलमध्ये पळाले. दुपट्यावर चार थेंब उडाले होते. तिच्या अंगावर एकही नव्हता. तरी मी तिचं अंग पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

परत गेले तेव्हा बाबा फरशीवर बसले होते. जगाकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"सूनबाई, हे पाणी कुणी सांडलं?"

त्यांनी पक्कड पाहिली, झाकण पाहिलं, पाळण्याखालचं तेल पाहिलं. चेहरा हळूहळू उतरत गेला. मग म्हणाले, "आग चालू होती?"

"हो."

"आणि मी पाणी सोडलं."

त्यांनी स्वतःच फडकं आणलं आणि फरशी पुसायला लागले. मी नको म्हणाले तरी थांबले नाहीत. पुसता पुसता, मान वर न करता म्हणाले, "कौशिकला सांगू नको पोरी. त्यानं मला बॉयलरवर बघितलंय. तेवढं ऱ्हाऊ दे त्याच्यापाशी."

आणि मी हो म्हणाले. त्या क्षणी दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी कौशिक उठला, बाबांसमोर जेवला, "इन्चार्जसाहेब, हीटर कुठंय?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, बिघडलाय. बाबा ताटात बघत राहिले. तो ड्युटीला गेला आणि तेव्हापासून मी हिशोब मांडतेय. उद्या रजा टाकली तर परवा काय? डॉलीला सकाळी ड्युटी आहे. बाबांच्या हाताला लागेल अशी प्रत्येक वस्तू मी लपवू शकत नाही, स्वयंपाकघरात गॅस आहे. आणि ते जोवर शहाण्यासारखे वागतात तोवर कौशिकचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा आहे. तो सकाळी येऊन, चहा घेऊन, ईशाला बाबांजवळ ठेवून गाढ झोपेल.

शेवटी मला श्रीपतीच आठवला. बाबांचे पाय धरून तोही हेच म्हणाला होता, साहेबांना सांगू नका. बाबांचा तो लाडका माणूस होता.

प्लँटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. फ्रिजवर कौशिकने कंट्रोल रूमचा नंबर चिकटवून ठेवलाय आणि त्याखाली लिहिलंय, आग लागली तरच. या घरात आल्यापासून मी तो एकदाही लावलेला नाही. आता लावतेय. बदली माणूस मागव आणि मी निघायच्या आत घरी ये, एवढंच त्याला सांगायचं आहे. बाकीचं समोरासमोर सांगेन, बाबांच्या देखत.

फोन उचलणारा आधी विचारेल, इमर्जन्सी आहे का. मी हो म्हणणार आहे.